शंभर पाण्याचं तूप

लेकरू पायावर असलं किंवा तूप परातीत असलं, तरच केसरअक्का बसायची. एरवी ती उभी. भाकरीसुद्धा उभ्यानेच खायची. एका हातात चतकोर, दुसऱ्या हातात ठेच्याची वाटी, आणि दारातून ओट्यावर, ओट्यावरून पुन्हा दारात अशा फेऱ्या. चहा पिता पिता तर ती आमच्या ओळीतल्या सहाही खोल्यांवरून जाऊन यायची. कोण आजारी, कुणाचं पोरगं रडतं, कुणाच्या घरी आज चूल उशिरा पेटली, हे सगळं एका कपात तिला कळायचं. कुणी म्हटलं, "अक्का, टेका ना जरा," की म्हणायची, "बठी ऱ्हायनं का मन पयस." बसलं की मन पळतं. ती धुळ्याजवळच्या सोनगीरची. इतकी वर्षं जळगावात राहूनही तिकडची बोली तिने सोडली नाही, म्हणून तिचं बोलणं मी तसंच लिहिते आहे.

आमच्या खोल्या मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला होत्या. ऐंशीनंतरची तीन-चार वर्षं झाली असतील. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि आमचे हे डाळमिलमध्ये कामाला होते. केसरअक्काची खोली आमच्या शेजारची. नवरा कधीच वारलेला, एक मुलगी निर्मला, ती धुळ्याला दिलेली. अक्का बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची, आणि लेकरांच्या अंगाला लावायचा मलम करायची. मलम म्हणजे तूपच, पण शंभर वेळा पाण्याने धुतलेलं.

तुपाला कसं धुणार, असं मलाही वाटलं होतं. ती गाईचं साजूक तूप तांब्याच्या परातीत घ्यायची, त्यावर ओंजळभर पाणी टाकायची आणि तांब्याच्या लोट्याच्या बुडाने गोल गोल घासायची. पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. दहा-बारा पाण्यांपर्यंत काहीच होत नाही, हात तेवढा भरून येतो. तिसाच्या पुढे पिवळेपणा जातो. साठाच्या पुढे तूप फुगतं. शंभर झाली की परातीत पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं काहीतरी असतं. त्याला तुपाचा वास येत नाही, आणि बोटाला लावलं तर गार लागतं. मेच्या उन्हात घामोळं आलेल्या लेकराला ते लावलं की लेकरू हुंकार देऊन झोपायचं. थंडीत गाल फुटले तर त्यातच ती थोडं मेण आणि तिळाचं तेल कोमट करून घालायची.

हे तिला कुणी शिकवलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा म्हणाली, सासूने. एकदा म्हणाली, सोनगीरच्या किल्ल्याखाली एक बैरागी उतरला होता, त्याने. एकदा समोरच्या बाईने फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुनी मायनी शिकाडं, ईचार तिले." त्या बाईची आई मेलेली होती. बाई चार दिवस बोलली नाही, आणि अक्काला ते चार दिवस फार सोयीचे गेले.

कारण मोजताना बोललेलं तिला चालायचं नाही. एक पाणी झालं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. मध्ये कुणी बोललं, आणि चिंचोका टाकला का नाही असा संशय आला, की ती पहिल्यापासून मोजायची. एकदा शेजारणीने सत्याहत्तराव्या पाण्याला डोकावून विचारलं, "अक्का, शेवग्याच्या शेंगा घेतल्या का हो?" अक्काचा हात थांबला. तिने वाटीतले सगळे चिंचोके परत पहिल्या वाटीत ओतले आणि म्हणाली, "लिध्यात शेंगा. आते एक." आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

मी तिच्या कामाला लागले ती त्यामुळेच. एके दिवशी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिने विचारलं, "तुले बोलता येस का नही?"

मी म्हटलं, "येतं."

"मंग बोलू नको. आठे ये, चिंचोका टाक."

तेव्हापासून ती मला मुकी म्हणायची. साऱ्या गल्लीत हाक मारायची, "ए मुकी, पानी आन." मला राग येत नसे. दुसऱ्या बायका मला बोलतं करायला बघत, घुमी म्हणत. अक्काला मी जशी होते तशीच हवी होते.

तिचा दुसरा नियम याहून कडक होता. लेकरू पाहिल्याशिवाय ती मलम करायची नाही. केलेला असला तरी द्यायची नाही. "देखाशिवाय नही," एवढंच म्हणायची. एका बंगल्यातून मोलकरीण चांदीची वाटी घेऊन आली होती, बाईसाहेबांनी मलम मागितलाय म्हणून. अक्काने वाटी रिकामीच तिच्या हातात परत दिली आणि स्वतः तिच्या मागे चालू लागली. मोलकरणीच्या मागे नाही, पुढेच. मी तिच्या चपला घेऊन मागे. बंगल्यात लेकरू नायलॉनचा झगा घालून पाळण्यात, पाठ लालबुंद. अक्काने झगा काढला, दोन खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, "याले मलम नको. याले वारा द्या." झगा मुंबईहून मावशीने आणलेला होता.

आणि एकदा गल्लीतल्याच एका पोराच्या मांडीला गळू झालं. आई मलम मागत होती. अक्काने पोराच्या कपाळाला आपला गाल लावून बघितला. "ताप शे. मलमनं काम नही आठे." आई म्हणे, उद्या बघू. अक्काने रिक्षा थांबवली, आईला दंडाला धरून आत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे तीन तास ती व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. नर्स म्हणाली, "आजी, तुमच्या चालण्याने मला चक्कर येते." अक्का म्हणाली, "मंग डोया मिट."

सारं मेहरूण तिच्या पायावर न्हालं असं म्हटलं तरी चालेल. आपल्या लेकीचं बाळंतपण मात्र तिच्या वाट्याला आलं नाही. निर्मलाला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. अक्काने सातव्या महिन्यापासून खोली दोनदा सारवली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. पण विहीणबाईंचा निरोप आला की इथे डॉक्टर जवळ आहे, नऊ वर्षांनी झालंय, धोका नको, आणि तुमच्याकडे एक खोली, त्यात पाण्याची बोंब. मुलगी झाली, तेव्हा अक्का बारशाला जाऊन आली. बारशात लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. तिच्या हातात आलं आणि गेलं. परत आल्यावर तिने दुपट्यांचं बोचकं फळीवर टाकलं आणि महिनाभर दुसऱ्यांची लेकरं इतकी जोरात चोळली की बायका म्हणायच्या, "अक्का, हळू."

मग निर्मलाचं कार्ड आलं. अक्काला वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मी वाचलं. बाळ तीन महिन्यांचं झालं, गळ्याच्या आणि मांड्यांच्या वळ्या फुटून लाल झाल्यात, पावडरीने उतरत नाही. शेवटी लिहिलं होतं, "आई, मलम घेऊन ये. सासूबाईंना मी सांगितलंय."

"आजून एकदाव वाच," अक्का म्हणाली. मी तीनदा वाचलं. ती ऐकताना खोलीभर फिरत होती. "सासूबाईले सांगेल शे, असं लिखेल शे ना? नक्की लिखेल शे?"

"हो."

"मंग ऊठ. पानी भर."

म्हणजे लेकरू न पाहता ती मलम करायला बसली. हे तिचं तिच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या आलं तरी मी काय बोलणार होते.

त्या दिवशी नळ आला नव्हता. मी विहिरीवर गेले. सकाळी नगरपालिकेची माणसं विहिरीत पावडर टाकून गेली होती. उन्हाळ्यात गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या की टाकतात ती. घागर वर आली तसा वास नाकात गेला. डोळ्यांना झोंबावा असा. मला वाटलं, अक्का म्हणेल, हे नको, दुसरं आण. पण अक्काच्या नाकात सकाळपासून तपकीर असायची. तिला कसला वास येणार. मी घागर ठेवली, तेव्हा तिने तूप परातीत घेतलेलं होतं, लोटा हातात होता. "टाक," ती म्हणाली. मी पहिला चिंचोका टाकला.

मी बोलायला पाहिजे होतं. दहाव्या पाण्याला वाटलं, आता बोलावं. विसाव्याला वाटलं, आता बोललं तर वीस वाया जातील. पन्नासाला वाटलं, तिला माहीतच असेल, इतकी वर्षं करते आहे. शंभर झाली. मलम नेहमीसारखा पांढरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या धुळ्याच्या एस.टी.ने आम्ही निघालो. माझं माहेर धुळ्याचंच, म्हणून मीही बरोबर. गाडीत जागा होती. अक्का तरीही पारोळ्यापर्यंत दांडा धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "आजी, तिकीट बसायचंच काढलंय तुम्ही." पारोळ्याला ती बसली आणि दोन मिनिटांत उठली. मलमाची बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून तिने पोटाशी धरली होती. दर गावाला फडक्याला हात लावून बघायची, गार आहे ना.

विहीणबाई दारातच होत्या. अंगाने भरलेल्या, तोंडाने तिखट. "या. उभ्या का? पाट आहेत हो आमच्याकडे."

"बसमा बसी बसी पाय आखडनात," अक्का म्हणाली. मी खाली बघितलं.

निर्मलाने बाळाला आणलं. गळ्याखालची वळी उघडली, तर आत ओली लाल रेघ. अक्का त्या रेघेकडे इतका वेळ बघत राहिली, की मला वाटलं, आता म्हणेल, याला मलम नको. पण निर्मला वाट बघत होती. विहीणबाई बघत होत्या. अक्काने हात धुतले आणि दोन बोटांनी मलम लावला.

तासाभरात लेकरू किंचाळायला लागलं. गळा, मांड्या, जिथे जिथे मलम लागला तिथे मिरची लागल्यासारखं लाल झालं. विहीणबाईंनी बाळाला उचललं, कोमट पाण्याने सारं पुसून काढलं. "शंभर पाणी म्हणे! लेकराची सालटी निघाली. आता हात लावायचा नाही, सांगून ठेवते." जावई कामावरून आले, निर्मलाला आणि बाळाला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले.

अक्का ओट्यावर फेऱ्या मारायला लागली. ओट्यापासून हातपंपापर्यंत, पंपापासून ओट्यापर्यंत. पुटपुटत होती, "तूप चांगलं व्हतं. परात चांगली व्हती." मला सहन होईना. मी म्हटलं, "अक्का, पाण्यात पावडर होती."

ती थांबली.

"विहिरीत टाकली होती सकाळी. मला वास आला होता."

"माले काबर नही सांगं?"

"मोजताना बोलायचं नाही म्हणता तुम्ही."

मला वाटलं, आता मारेल. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग तिच्या तोंडावर कसंसंच हसू आलं. "मनाच कायदा मनाच गळामा उना," म्हणाली. माझाच नियम माझ्याच गळ्यात आला. "आनि तू तरी मुकी. मी तर डोयास्नी देखं नही. लेकरू देखाशिवाय मलम करा मी. दुसरानं लेकरू ऱ्हातं, तं करती नही."

ती तशीच आत गेली. विहीणबाई दुपटी घड्या घालत होत्या. "चूक मनी शे," अक्का म्हणाली. "पानी वाईट व्हतं. मी देखं नही." माझं नाव तिने घेतलं नाही. मी दाराआड होते.

"चूक म्हटल्याने कातडी येते का?"

"नही येत."

"मग?"

"मंग काही नही. मी थांबस. लेकराले हात नही लावाऊ."

डॉक्टरांनी सांगितलं, काही लावू नका, कोरडं ठेवा, उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा. लाली उतरेल. विहीणबाई म्हणाल्या, राहायचं तर राहा, पण आतल्या खोलीत यायचं नाही. अक्का राहिली. मी माहेरी होते, रोज दुपारी जाऊन यायचे.

पहिल्या दिवशी ती ओट्यावर धुणं धूत होती. कसलं धुणं, तर बाळाची दुपटी आणि लंगोट. वाळत घातलेला एक लंगोट तिने काढला आणि मला म्हणाली, "जीभ लाव."

"अक्का!"

"धुयेल शे. लाव."

मी लावली. खारट आणि कडवट लागलं. जिभेला चरचरलं. त्या घरी कपडे सोड्यात उकळत होते आणि एकाच पाण्यातून काढत होते. धुळ्याच्या उन्हात तो सोडा कपड्यात तसाच वाळत होता आणि लेकराच्या घामाने पुन्हा ओला होत होता.

"हाई देखं ऱ्हातं मी पहिलेच, तं मलमनं कामच नव्हतं," अक्का म्हणाली. विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. थोड्या वेळाने मी आत पाणी प्यायला गेले, तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून एका दुपट्याचं टोक जिभेला लावत होत्या.

अक्काने चार दिवस सगळे कपडे पंपाच्या पाण्यातून आठ-आठ, दहा-दहा वेळा काढले. दर वेळी जीभ. लाली उतरली, वळ्या कोरड्या झाल्या, पण कातडी कागदासारखी ताणलेली, हललं की फुटेल अशी. पाचव्या दिवशी मी गेले, तर विहीणबाई ओट्यावर परात घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांना त्यांनी स्वतः विचारून घेतलं होतं. आता साधं तुपाचं बोट लावायला हरकत नाही, म्हणाले होते.

"सांगा, कसं करायचं," विहीणबाई म्हणाल्या. "पण तुमचा हात नको."

"नकोच," अक्का म्हणाली. "तुमना हात, मनी गिनती."

पाणी उकळून गार केलेलं. अक्काने ते हुंगलं नाही. मला हुंगायला दिलं. "बोल," म्हणाली. मी म्हटलं, "चांगलं आहे." तेव्हा सुरू झालं.

पंधराव्या पाण्याला विहीणबाई म्हणाल्या, "आणि हे बघा, आमच्या माहेरी मात्र एरंडेल—"

अक्काने चिंचोके परत ओतले. "एक."

"अहो, मी काय तुमची सून आहे का?"

"सून ऱ्हाती, तं बोलतीच नही. एक."

तिसाव्याला त्यांनी हात बदलला. चाळिसाव्याला त्या जावेच्या नावाने काहीतरी बोलणार होत्या, तोंड उघडलं आणि मिटलं. त्या घरात इतका वेळ कुणी बोलत नाही, असं निर्मलाने लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं असेल. ती आतून पदर तोंडाला लावून हसत होती. अक्का उभी होती. विहीणबाईंच्या डोक्यावरून परातीत बघत, एकेक चिंचोका टाकत, आणि तिचे पाय जागच्या जागी चुळबुळत होते. लोटा घ्यावा म्हणून तिचा उजवा हात दोनदा पुढे आला. दोन्हीदा तिने तो मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

शंभर झाली. विहीणबाईंनी बोटाने मलम उचलला, आपल्याच मनगटाला आतून लावला. मग अक्काच्या मनगटाला. दोघी दुसऱ्या दिवसापर्यंत मनगटं बघत बसल्या, म्हणजे विहीणबाई बसल्या. दुसऱ्या दिवशी बाळाच्या एका गुडघ्याला लावला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळीकडे. गळ्याची वळी भरायला पुढे आठवडा लागला, असं निर्मलाने कार्डात लिहिलं.

मी निघाले त्या सकाळी विहीणबाई मोरीत पाट मांडत होत्या. पाणी काढलेलं होतं. बाळ त्यांच्या खांद्यावर रडत होतं. त्या म्हणाल्या, "माझा हात दुखतो शंभर पाण्यांनी. घ्या तुम्हीच." अक्काने लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि पाटावर बसून पाय लांब केले. विहीणबाईंनी नातीला त्या पायांवर ठेवलं. अक्काने कितीतरी वेळ पाणीच घेतलं नाही. "अहो, गार होतंय पाणी," विहीणबाई म्हणाल्या.

पुढे अक्का महिन्यातून दोनदा धुळ्याला जायला लागली. नंतर आमच्या ओळीतल्या खोल्या पाडल्या, तेव्हा ती तिकडेच गेली. मला दोन मुलगे झाले. दोघांच्या वेळी ती येऊन न्हाऊ घालून गेली. मग येणं कमी झालं.

नव्वद उलटून गेल्यावरची गोष्ट. मी धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीत बसले होते, खिडकीशी. पलीकडच्या फलाटावर केसरअक्का दिसली. पार वाळली होती, पण उभीच. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हातात पिशवी. नाकाची ठेवण निर्मलाची. ती अक्काला कट्ट्याकडे ओढत होती आणि अक्का दुसरीकडेच ओढत होती. तिथे एक बाई तान्हं मांडीवर घेऊन बसली होती, आणि तान्हं रडत होतं.

मी हाक मारली. "अक्का!" इतक्या मोठ्याने, की गाडीतली माणसं वळून बघायला लागली. मुलीने वर बघितलं. अक्काने नाही. ती त्या बाईसमोर वाकली होती. हात मात्र पाठीमागे धरलेले. बाईने आधी पदर आवळून घेतला. अक्का काहीतरी म्हणाली. काय ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. गाडी हलली. मी मान वळवून बघत राहिले. बाईने अक्काच्या तोंडाकडे बघितलं, शेजारच्या मुलीकडे बघितलं, आणि दुपटं सैल केलं.